वाऱ्याच्या घरात: ‘द विंड’ आणि आसऱ्याचा प्रश्न

(ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आजच्या चित्रपटाची गोष्ट मी दोन वाक्यांत सांगतो. ओसाड माळरान आहे, तिथे एक परकी तरुण मुलगी येते आणि तिच्यावर तीन पुरुषांचा डोळा असतो: एक भला, एक लबाड, एक विनोदी. शेवटी लबाड मरतो आणि भल्याला मुलगी मिळते. झालं. हे ऐकून तुमच्यापैकी निम्मे म्हणतील, अहो, यात काय एवढं? हे तर आम्ही शंभरदा पाहिलंय. बरोबर आहे तुमचं. १९२८ सालच्या प्रेक्षकांनीही ते शंभरदा पाहिलेलं होतं. मूकपटांच्या काळात असल्या चित्रपटांचा नुसता सुकाळ होता. कधी बर्फाळ उत्तर, कधी जंगल, कधी वाळवंट, आणि मध्ये एका बाईवरून भांडणारे दोन बाप्ये. निसर्ग मागे पडद्यासारखा टांगलेला.

मग आपण ‘द विंड’ का पाहायचा? माझं म्हणणं असं आहे की हा चित्रपट तीच गोष्ट सांगता सांगता एक वेगळाच प्रश्न विचारतो. ‘ही कुणाची होणार?’ हा त्याचा प्रश्न नाहीच. ‘ही राहणार कुठे?’ हा प्रश्न आहे. प्रेमाच्या स्पर्धेची गोष्ट म्हणून जे आपल्यासमोर येतं, ते खरं म्हणजे आसऱ्याच्या टंचाईचं चित्र आहे. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे. आणि शेवटाबद्दल थोडं भांडायचं आहे, कारण त्या शेवटाबद्दल माझंच मत मधल्या काळात बदललेलं आहे.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही.

मूळ कादंबरी डोरोथी स्कारबरो या टेक्सासच्या लेखिकेची, १९२५ सालची. ती पहिल्यांदा निनावी प्रसिद्ध झाली. टेक्सासच्या लोकांना ती अजिबात आवडली नाही, आमच्या मुलखाची बदनामी केली म्हणून ते चिडले. स्कारबरोबाई कोलंबिया विद्यापीठात शिकवायच्या, आणि त्यांचा प्रबंध होता इंग्रजी कथासाहित्यातल्या अतिमानुष गोष्टींवर. हे लक्षात ठेवा. वाऱ्यात भूत पाहणारी ही बाई अडाणी नव्हती, भुतं साहित्यात काय काम करतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही कादंबरी लिलियन गिशने वाचली. त्या वेळी ती एमजीएमची मोठी नटी होती. तिने चार पानांचं टिपण केलं आणि ते घेऊन निर्मितिप्रमुख आयर्विंग थालबर्गकडे गेली. दिग्दर्शक म्हणून तिला स्वीडनचा व्हिक्टर शोस्ट्रोम हवा होता, आणि नायक म्हणून लार्स हॅन्सन, तोही स्वीडिशच. या तिघांनी आधी ‘द स्कार्लेट लेटर’ एकत्र केला होता. पटकथा लिहिली फ्रान्सिस मॅरियनने. म्हणजे बघा, कादंबरी बाईची, कल्पना पुढे नेणारी बाई, पटकथाकार बाई. ‘तीन पुरुष आणि एक मुलगी’ हा साचा जेव्हा तीन बायकांच्या हातून जातो तेव्हा त्याचं काय होतं, हे आपण आता बघू.

शोस्ट्रोमबद्दलही एक गोष्ट. निसर्गात रंगणारं प्रेम आणि मत्सर त्याला नवा नव्हता. १९१८ साली त्याने स्वीडनमध्ये ‘बर्ग-एयविंद आणि त्याची बायको’ केला होता, आइसलंडच्या एका फरारी माणसाची गोष्ट. कायद्यापासून पळून नवरा-बायको डोंगरात राहतात, एक मित्र येतो, त्या मित्राचं मन बायकोवर जडतं. एका प्रसंगात नायक कड्यावर दोराने लोंबकळतोय आणि वर दोर धरलेल्या मित्राच्या मनात येतं, सोडून दिला तर? ती भूमिका शोस्ट्रोमने स्वतःच केली होती. पण त्या चित्रपटात शेवटी प्रेमाचा जीव घेतो तो मित्र नव्हे, भूक घेते. उपासमार झाली की एकमेकांवर जीव टाकणारी दोन माणसं एकमेकांवर गुरगुरायला लागतात, आणि शेवटी बर्फात गोठून जातात. म्हणजे खरा प्रतिस्पर्धी कोण, तर हवामान आणि रिकामं पोट. ही जाण घेऊनच तो अमेरिकेत आला होता.

आता ‘द विंड’कडे.

लेटी व्हर्जिनियाहून टेक्सासला निघाली आहे. तिला आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, चुलतभाऊ बेव्हर्ली. त्याच्याकडे राहायला चालली आहे. आगगाडीत रॉडी नावाचा गुरांचा व्यापारी भेटतो. गोड बोलतो. आणि सांगतो की इथला वारा माणसांना वेड लावतो, बायकांना तर विशेष. गाडीच्या काचेवर बाहेरून वाळूचे सपकारे बसतायत. म्हणजे पहिल्याच प्रसंगात भीतीचं बी पेरलं जातं, आणि ते पेरतो कोण, तर जो पुढे त्या भीतीचा फायदा घेणार आहे तोच. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. वारा भयंकर आहे हे खरंच, पण ‘तुला वेड लागेल’ ही कल्पना वाऱ्याने नाही, एका पुरुषाने तिच्या डोक्यात घातली.

स्टेशनवर न्यायला येतात शेजारचे लायज आणि सावरडो. लांबचा गाडीरस्ता, नाकातोंडात वाळू. घरी पोचल्यावर भाऊ आनंदतो, भावजय कोरा मात्र नाही. कोरा मजबूत बाई आहे, कामाने रापलेली. इथे एक प्रसंग आहे जो मी विद्यार्थ्यांना नेहमी दोनदा दाखवतो. कोरा टांगलेल्या गुराचं मांस सोलते-कापते आहे, हात रक्ताने माखलेले. आणि त्याच खोलीत लेटी नाजूकपणे इस्त्री करते आहे. मुलं आईकडे जायचं सोडून लेटीला बिलगतात. कोराच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला नुसता मत्सर म्हणणं अन्याय होईल. या बाईने या मुलखात टिकून राहण्यासाठी स्वतःचा नाजूकपणा केव्हाच दान करून टाकलाय, आणि आता तो दुसरीच्या अंगावर पाहून तिचा नवरा आणि तिची मुलं दोघंही विरघळतायत. शोस्ट्रोम कोराला खलनायिका करत नाही. तो तिचे हात दाखवतो. एवढं पुरतं.

पुढे काय होतं ते बघा. लायज आणि सावरडो दोघंही लेटीला लग्नाचं विचारतात आणि तिला ती थट्टाच वाटते, ती हसते. इकडे रॉडीही तिला मागणी घालतो. तेवढ्यात कोरा तिला घराबाहेर काढते. लेटी रॉडीकडे जाते, तर तो म्हणतो, माझी एक बायको आहे, पण तुला ठेवतो. ती परत येते. कोराचं उत्तर साधं आहे: इथे जागा नाही, दोघांनी विचारलंय ना, त्यातला एक निवड. आणि लेटी लायजशी लग्न करते.

आता मला सांगा, यात प्रेमाची स्पर्धा कुठे आहे? स्पर्धा म्हटलं की निवडणाऱ्याला मोकळीक हवी. इथे तीन पुरुष म्हणजे तीन छपरं आहेत. भावाचं छप्पर गेलं, रॉडीचं छप्पर खोटं निघालं, उरलं लायजचं. आपल्याकडे ‘तिला चांगलं स्थळ मिळालं’ असं म्हणतात. ‘स्थळ’ या शब्दात माणूस आहे की जागा आहे? दोन्ही आहे. मराठीने हा घोटाळा किती सहज एका शब्दात बसवलाय! ‘द विंड’ हा त्या शब्दावरचा चित्रपट आहे असं मी गमतीने म्हणतो, पण ती पूर्ण गंमत नाही.

लग्नाच्या रात्रीचा प्रसंग हा माझ्या मते मूकपटांतल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. लायज कॉफी देतो. तिला ती पिववत नाही, ती त्याचं लक्ष नसताना ओतून टाकते. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, आणि कॅमेरा आपल्याला त्यांचे पाय दाखवतो. येरझाऱ्या घालणारे त्याचे पाय, घुटमळणारे तिचे. मग तो आत येतो, तिला जबरदस्तीने कवटाळतो, चुंबन घेतो. ती ओठ पुसते. तुझा तिरस्कार करायची माझी इच्छा नव्हती, तू मला तो करायला लावलास, अशा अर्थाचं काहीतरी ती सांगते. आणि इथे चित्रपट वळतो. लायज थांबतो. त्याला कळतं. तो म्हणतो, मी पुन्हा तुला हात लावणार नाही, आणि तुला परत धाडण्यापुरते पैसे मी मिळवीन.

१९२८ साल आहे, मंडळी. लग्नाच्या बायकोचं ‘नाही’ नवऱ्याने ऐकणं, आणि त्याने आपण चुकलो हे कबूल करणं, हे त्या काळच्या पडद्यावर किती वेळा दिसलं असेल याचा विचार करा. या चित्रपटात पुरुषांमधली खरी स्पर्धा कुठली असेल तर ती ही आहे: ‘नाही’ कुणाला ऐकू येतं? रॉडीला ते अखेरपर्यंत ऐकू येत नाही. लायजला उशिरा, चूक केल्यावर, पण येतं.

आता वाऱ्याबद्दल. कारण चित्रपटाचं नाव त्याच्यावर आहे.

वारा दिसत नाही. दिसतं ते त्याने हलवलेलं. दिग्दर्शकापुढे मोठीच अडचण. चित्रीकरण झालं मोहावीच्या वाळवंटात, १९२७ साली. वारा उभा करायला विमानांचे आठ पंखे आणले होते आणि त्यांच्यासमोर वाळू सोडत. गिशने पुढे आठवणींत सांगितलंय की तापमान १२० अंश फॅरनहाइटच्या आसपास असायचं, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सियस, आणि गाडीच्या दाराची मूठ धरल्यामुळे तिचा हात भाजला होता. म्हणजे पडद्यावर जो त्रास दिसतो त्यातला बराचसा अभिनय नव्हता.

पण शोस्ट्रोमची हुशारी पंख्यांत नाही. तो वारा घराच्या आत आणतो. डुलणारा कंदील. फटींतून येणारी वाळू. पाण्याची टंचाई म्हणून लेटी ताटल्या वाळूने घासते, आणि तीच वाळू तिच्या जेवणावर, गादीवर, केसांत. म्हणजे आत आणि बाहेर हा फरकच हळूहळू मिटतो. घर म्हणजे काय, तर वारा ज्याच्या बाहेर राहतो ते. इथे तसं घरच उरत नाही.

आणि हे सगळं मुकं आहे. चित्रपट प्रदर्शित झाला नोव्हेंबर १९२८ मध्ये, ‘द जॅझ सिंगर’ येऊन वर्ष उलटलं होतं, लोकांना बोलपट हवा होता. कंपनीने त्याला संगीत आणि वाऱ्याबिऱ्याचे आवाज जोडले. तरी तो चालला नाही. माझा सल्ला विचाराल तर घरी एकदा आवाज पूर्ण बंद करून वीस मिनिटं बघा. वाऱ्याचा आवाज तुम्हाला डोळ्यांनी ऐकू येईल. गिशचा चेहराच ते काम करतो. तिच्या डोळ्यांची हालचाल बघून आपल्याला कळतं की आत्ता वारा चढला, आत्ता क्षणभर थांबला.

मराठीत ‘अंगात वारं येणं’ म्हणतात. देवाचं वारं, भुताचं वारं. ज्या बाईला एरवी बोलायची सोय नाही तिच्या अंगात वारं आलं की ती बोलते, हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. मेलोड्रामाही काहीसा असाच असतो. आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो, ‘भडक’, ‘अतिरंजित’. पण ज्यांना बोलायची मुभा नाही त्यांचं म्हणणं मेलोड्रामात वस्तू बोलतात, हवामान बोलतं. लेटी कुणाला सांगणार की मला भीती वाटते? मग कंदील सांगतो.

आता शेवटाकडे. गुरांच्या कामासाठी, रानटी घोडे पकडायला पुरुष बाहेर गेलेत. उत्तरेचं मोठं वादळ सुटतं. रॉडी परत येतो. घरात ती एकटी. तो तिच्यावर बळजबरी करतो. चित्रपट ते दाखवत नाही, आकाशात उधळलेला पांढरा घोडा दाखवतो. सकाळी रॉडी म्हणतो, चल माझ्याबरोबर. तिच्या हातात त्याचंच पिस्तूल येतं आणि ती गोळी घालते. मग बाहेर वाळूत त्याला पुरते. आणि खिडकीतून पाहते, तर वारा ती वाळू उडवून नेतोय. हात वर येतो. चेहरा वर येतो.

इथपर्यंत चित्रपटावर कुणाचं दुमत नाही. भांडण पुढच्या तीन-चार मिनिटांचं आहे. कादंबरीत लेटी वादळात चालत निघून जाते, मरायला. चित्रपटात लायज परत येतो. ती त्याला सगळं सांगते. तो बाहेर पाहतो, तिथे काहीच नाही. तो म्हणतो, मारणं न्यायाचं असेल तर वारा ते झाकून टाकतो. आणि शेवटी दोघं उघड्या दारात वाऱ्याला सामोरे उभे. ती आता घाबरत नाही.

गिशने आयुष्यभर सांगितलं की हा गोड शेवट चित्रपटगृहवाल्यांच्या हट्टापायी जोडावा लागला. हे इतक्यांदा छापलं गेलंय की ते सत्य म्हणूनच चालतं. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र या आठवणीवर प्रश्नचिन्ह लावलंय. मी तो वाद सोडवायला बसलेलो नाही. शेवट कुणी लावला यापेक्षा तो काय करतो हे आपण बघू.

मी तरुणपणी पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा शेवटाला जाम चिडलो होतो. बाहेर येऊन मित्रांना म्हणालो, सगळी माती केली. शोकांतिका म्हणजे थोर, सुखांत म्हणजे धंदा, असं आमचं तेव्हा साधं गणित होतं. कादंबरीतली मरणारी लेटी मला जास्त खरी वाटायची. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की ‘अत्याचार झालेल्या बाईने मरावं’ हा शेवट काही फार बंडखोर नाही. तो जगातला सगळ्यात जुना शेवट आहे. आपल्या कितीतरी सिनेमांनी तोच वापरलाय, बाईला विहिरीत ढकललंय आणि त्याला करुण रस म्हटलंय. इथे ती जगते. नवरा तिला टाकत नाही, तिला जाब विचारत नाही. ती मारते आणि तिला शिक्षा होत नाही. १९२८ च्या हॉलिवूडमध्ये यातलं नेमकं काय ‘तडजोड’ आहे?

आणखी एक गोष्ट, जी माझ्या नजरेतून बरीच वर्षं निसटली होती. लायज परत येतो तेव्हा त्याच्याकडे पैसे आहेत. आता तुला परत पाठवता येईल, असं तो सांगतो. म्हणजे संपूर्ण चित्रपटात पहिल्यांदाच लेटीसमोर दुसरा रस्ता खरोखर उघडा आहे. आतापर्यंत तिची प्रत्येक ‘निवड’ म्हणजे हाकलून दिल्यावर मिळेल ते दार होतं. आता परतीचं भाडं आहे, आणि ती म्हणते, मी राहते. हे प्रेम आहे की नाही, मला सांगता येणार नाही. पण ही निवड आहे. आसऱ्याचा प्रश्न सुटल्यावरच प्रेमाचा प्रश्न विचारता येतो, हे चित्रपट इथे म्हणतो, आणि ते मला आज कुठल्याही शोकांतिकेपेक्षा जास्त खरं वाटतं.

मग शेवट निर्दोष आहे का? नाही. कल्पना बरोबर आहे, वेग चुकीचा आहे. ज्या वाऱ्याला तासभर आपल्या हाडापर्यंत पोचवलं, तो तीन मिनिटांत मित्र होतो. लेटी एका रात्रीतून काय होऊन बाहेर आली आहे याला चित्रपट वेळच देत नाही. ती लगेच लायजच्या मिठीत जाते. तिने एकटीने थोडा वेळ त्या दारात उभं राहायला हवं होतं. शोस्ट्रोमसारखा संथपणाची किंमत जाणणारा माणूस नेमका इथे घाई करतो. सावरडोचा विनोदही अनेक जागी खटकतो, आणि उपशीर्षकं वाऱ्याबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलतात. चित्र जे दाखवतंय ते पुन्हा शब्दांत कशाला?

पण हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन, स्पर्धेची गोष्ट ऐकायला बसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट विचारतो: तुम्ही कोण जिंकलं ते मोजत होतात, ती कुठे झोपणार होती हे तुमच्या मनात आलं का? हा प्रश्न आपण आपल्या गोष्टींनाही विचारून बघावा.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: वर आलेला हात खरा की तिचा भास? लायजला तर काहीच दिसत नाही.

उत्तर: चित्रपट ते उघडं ठेवतो आणि मला ते आवडतं. भास म्हटला तर ‘बायकांना वेड लागतं’ हे रॉडीचं भाकीत खरं ठरतं, मरूनही तोच जिंकला. खरा म्हटला तर लायज म्हणतो तसं वाऱ्याने नंतर झाकलं. लायज तिला ‘तुला भास झाला’ असं म्हणत नाही, हे मात्र बघा. तिने सांगितलं त्यावर तो विश्वास ठेवतो. माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

प्रश्न: लग्नाच्या रात्री लायजही जबरदस्तीच करतो. मग त्याला आणि रॉडीला वेगळं का मानायचं?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. त्या क्षणी वेगळं मानायचं कारण नाही, आणि चित्रपटही त्याला सोडत नाही. तिचा ओठ पुसणं आपल्याला दाखवतो. फरक पुढच्या मिनिटात आहे, आणि पुढच्या काही महिन्यांत, जेव्हा तो दिलेला शब्द पाळतो. भलेपणा हा स्वभाव नसून वागणूक आहे, असं काहीसं. तुम्हाला तेवढ्याने माफी द्यावीशी वाटत नसेल तर तेही योग्यच आहे.

प्रश्न: पांढऱ्या घोड्याचं काय? ती मूळ रहिवाशांची कल्पना म्हणून सांगितली जाते ना?

उत्तर: हो, उत्तरेचा वारा म्हणजे घोड्याचं भूत, असं पात्रं सांगतात. पण ज्यांची म्हणून ती कथा सांगितली जाते ती माणसं चित्रपटात कुठेच नाहीत. त्यांची जमीन आहे, त्यांचं भूत आहे, ते स्वतः नाहीत. आसऱ्याबद्दल आपण इतका वेळ बोललो, तर हेही बोललं पाहिजे. या मुलखातलं पहिलं घर कुणाचं गेलं, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. तो आपण विचारायचा.